शेपूट उचलायची राहिली

काल संध्याकाळी मेहरूणच्या तलावाच्या कडेनं चालत होतो आणि कुठूनतरी वांगी भाजल्याचा वास आला. कपाशीच्या वाळक्या काड्या, ज्यांना आम्ही पऱ्हाट्या म्हणतो, त्यांच्या जाळावर भरताची हिरवी वांगी भाजली की जो वास सुटतो त्याला तोड नाही. गॅसवर वांगं भाजणाऱ्यांनी या विषयात तोंड घालू नये. हा वास आला की जळगावातली माणसं एकमेकांना फोन करायला लागतात, कुणाच्या मळ्यात, कोणत्या वारी, किती जण. मला मात्र गेली चार वर्षं या वासाचा आधी धाक वाटतो, भूक मागाहून लागते. घरी आलो तर बायकोनं चेहरा बघून विचारलं, काय झालं? म्हटलं, थंडी पडली. तिला तेवढं पुरलं. म्हणाली, मग एकदा शिंदखेड्याला जाऊन या, असं किती वर्षं वासाला घाबरणार?

खरंय तिचं. आमच्या खानदेशात थंडी ती काय, पाहुण्यासारखी येते. दिवाळी सरल्यावर दारात उभी राहते आणि संक्रांत उलटली की चप्पल शोधायला लागते. तेवढ्यात काय भरीत खायचं ते खा, काय शेकोट्या करायच्या त्या करा, मग आहेच आपलं ऊन. पण त्या एका वर्षीची थंडी माझ्या अंगातून अजून निघालेली नाही. त्या दोन महिन्यांत मी एका विमानाला दिवा बसवला. आयुष्यात केलेलं ते सगळ्यात देखणं काम, आणि वाया घालवलेलं सगळ्यात मोठं काम पण तेच.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. मूळचा यावलकडचा, दुकान जळगावात. तीस वर्षं ट्रॅक्टर, ट्रक, जीपगाड्या यांच्या वायरी ओढतोय. आणि फोकस लावण्यात, म्हणजे हेडलाइटचा झोत जिथं पडायला हवा तिथं पाडण्यात, माझा हात कुणी धरू नये. हे मी नाही म्हणत, केळीच्या गाड्या घेऊन रातोरात जाणारे ड्रायव्हर म्हणतात. पद्धत सोपी आहे. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची. दिव्याच्या उंचीची खूण भिंतीवर खडूनं काढायची. झोत त्या खुणेच्या चार बोटं खाली आणायचा. संपलं. माझ्या दुकानासमोरच्या भिंतीवर इतक्या खुणा आहेत की भिंतीला देवी आल्यासारखं दिसतं.

अशा माझ्या दुकानात एक दिवस नाना आले. शांत माणूस, धुवून धुवून पातळ झालेला पांढरा सदरा, नखात मात्र ग्रीस. कल्हई केलेल्या तांब्याची वायर मागितली आणि मग विचारलं, तुम्ही फोकस लावता ना? म्हटलं, कोणती गाडी? म्हणाले, विमान. मी चहा सांगितला. असं बोलणाऱ्या माणसाला आधी चहा पाजावा, मग बघावं.

पण नाना खुळे नव्हते. शिंदखेड्याजवळच्या खेड्यातले. परमुलखात विमानांच्या वर्कशॉपमध्ये अख्खी नोकरी केलेली, तिथंच छोटं विमान उडवायचा परवानाही काढलेला. निवृत्त होऊन मळ्यात परत आले, कपाशी लावली आणि गोठ्यासमोर पत्र्याची शेड उभारून आत विमान बांधायला घेतलं. नकाशे मागवून, एकेक पट्टी तासून, दोन माणसांचं. गावानं आधी चेष्टा केली, मग सवय झाली, मग गावातल्यांनी पाहुण्यांना दाखवायला आणायला सुरुवात केली. दहा वर्षं ते काम चाललं होतं. मी गेलो तेव्हा फक्त बारीकसारीक उरलेलं, आणि दिवा.

त्या हिवाळ्यात मी दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं शिंदखेड्याला जायचो. कानटोपी, डब्यात बायकोनं दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पायाशी अवजारांची पिशवी. खिडकीबाहेर पांढरीफटक फुटलेली कपाशी, दादर ज्वारीची कोवळी ताटं, अमळनेर सोडलं की धुक्यात उभी एखादी बैलगाडी. स्टेशनवर नाना मोटारसायकल घेऊन थांबलेले असत. काय सांगू, लग्न झाल्यावर सासरी जाताना जशी ओढ असायची तशी मला त्या शेडची ओढ लागली होती. पन्नाशी उलटून गेल्यावर पुन्हा कुणी शिकवायला भेटावं यासारखं सुख नाही. आणि मी शिकलो. ट्रॅक्टरला एक वायर ओढली की भागतं, परत येणारा करंट लोखंडी सांगाड्यातून येतो. नाना म्हणाले, याचा पंख लाकडाचा, त्यावर कापड, करंट परत कशातून येणार, हवेतून? मग दोन वायरी ओढल्या, एकमेकींना पीळ घालून. पीळ नसला तर दिवा लावल्याबरोबर रेडिओ खरखरायचा. वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी मी तीन ठिकाणी जास्त मारली तर नानांनी ती कात्रीनं कापून तराजूत टाकली. म्हणाले, हे वजन मला आभाळात न्यायचंय, तुला नाही.

दिवा कशाला, यावर आमची पहिली खडाजंगी झाली. परवानगी मिळणार होती ती दिवसा उडवायची. शेताच्या टोकाला मुरूम दाबून केलेल्या पट्टीवरून उठायचं, ठरलेल्या हद्दीत फिरायचं, तिथंच उतरायचं. मी म्हणालो, नाना, भर दिवसा उडणाऱ्या विमानाला उतरताना लावायचा दिवा म्हणजे छत्री घेऊन घरात बसण्यासारखं आहे. ते म्हणाले, पुढून दिसावं म्हणून. मी विचारलं, कुणाला? नाना कानस मारत राहिले.

कुणाला, ते मला पुढच्या रविवारी कळलं. त्या दिवशी दिवा निवडायचा होता. मी दोन नेले होते. एक माझा लाडका हॅलोजन, पिवळा, उबदार, आणि एक एलईडी, हल्ली ट्रॅक्टरला लावतात तसा, अख्खं वावर उजळणारा. नानांकडे तिसरा होता, बशीएवढा, पांढरा, झोत एकदम अरुंद. माझं मत होतं की हॅलोजन लावावा. नाना म्हणाले, तुझ्या हॅलोजनला इंजिन बिचारं करंट पुरवता पुरवता दमेल. बरं, मग पसरट एलईडी लावू. नाना म्हणाले, थांब, आपण नको ठरवायला.

त्यांनी तिन्ही दिवे शेडच्या दारात एका फळीवर मांडले, बॅटरीला जोडले. मग आत जाऊन अक्कांना हाताला धरून आणलं आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला खाटेवर बसवलं. अक्का म्हणजे नानांची बायको. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. माणसं त्यांना आवाजावरून कळत. उजेड तेवढा कळे, तोही मोठा असला आणि सरळ डोळ्यावर आला तरच. धुळ्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही फार दिवस राहणार नाही. आणि या विमानाच्या पंखावरचं कापड अक्कांनी शिवलं होतं. नजर धड होती तेव्हा, दोन पावसाळे बसून, लांब सुईनं, एकसारख्या अंतरावर एकेक गाठ. मी त्या गाठी बोटानं चाचपून बघितल्या आहेत. मशीनला जमणार नाहीत अशा.

नाना एकेक दिवा लावत गेले. भर दुपार. हॅलोजनला अक्का काही बोलल्या नाहीत. माझ्या पसरट दिव्यालाही नाही. तिसरा लावला आणि त्यांचा चेहरा आपोआप तिकडे वळला, सूर्यफुलाचा वळतो तसा. त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ. हाऊ दिखस." हा दिसतो.

मग मला उद्देशून, पण नानांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "भाऊ, मी शिवेल शे ते उडतांना माले एकदाव दिखाले पाहिजे. इतलंच."

म्हणजे दिवा कुणासाठी ते मला माहीत होतं. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळदा समजावायचा प्रयत्न केला की मला नीटसं माहीत नव्हतं. मला पक्कं माहीत होतं.

डाव्या पंखाची पुढची कड कापायची वेळ आली तेव्हा मी करवत दोनदा टेकवली आणि दोनदा उचलली. नानांनी करवत माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः कापली, एका दमात. खिडकी झाली. तीत दिवा बसला, मागं वरखाली करायला तीन स्क्रू. आता त्या खिडकीवर पंखाच्या गोलाईचं पारदर्शक झाकण हवं. प्लास्टिकची जाड काच आणली, पण ती वाकवायची कशी? गरम हवेच्या बंदुकीनं पहिली काच अशी फुगली की पापड परवडला. दुसरी मधूनच पिवळी पडली. मी हात टेकले. तेव्हा खाटेवरून अक्का म्हणाल्या, खापर काढा.

खापर आमच्या खानदेशात घरोघरी असतं. उलटं घातलेलं मोठं मातीचं भांडं, खाली जाळ, वर मांडे भाजायचे. पुरणाचा मांडा हातावर फिरवत फिरवत ताटाएवढा करायचा आणि खापरावर टाकायचा. खापर किती तापलंय हे बाई डोळ्यानं बघत नाही, वर तळहात धरून ओळखते. अक्कांनी चूल पेटवायला लावली, खापर चढवलं, त्यावर जुन्या लुगड्याचं ओलं फडकं. पदर खोचून बसल्या आणि तळहात खापरावर धरला. मी आणि नाना काच दोन बाजूंनी धरून उभे. बराच वेळ गेला. मी मध्येच म्हणालो, आता टाकू? त्यांनी मान हलवली. नजर भलतीकडेच, हात मात्र तिथंच. मग म्हणाल्या, "आते टाक."

काच फडक्यावर पडली आणि मऊ मांड्यासारखी बसली. उचलली, लाकडाच्या साच्यावर दाबली, गार झाली. एक बुडबुडा नाही. नाना ती काच संध्याकाळपर्यंत पुसत राहिले. दिवा अक्कांनी निवडलेला, त्यावरची काच अक्कांच्या हातानं भाजलेली, पंख अक्कांनी शिवलेला. त्यात माझं म्हणावं असं एकच काम उरलं, फोकस.

आता फोकसचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. नानांचं विमान शेपटीला चाक असलेलं. जमिनीवर उभं असताना शेपूट खाली आणि नाक वर, आरवायला मान उंच केलेल्या कोंबड्यासारखं. हवेत गेलं की शेपूट उचलली जाते आणि विमान सरळ होतं. म्हणून दिवा लावायचा तो विमान हवेत जसं असेल तसं धरून. नाना शनिवारी परवानगीच्या कागदांसाठी धुळ्याला निघाले होते, सोमवारी परतणार होते. जाताना मला फोनवर दोनदा सांगितलं की उद्या फोकस लाव, पण शेपूट उचलून ड्रमवर ठेव, लेव्हलच्या पट्टीनं सरळ झालंय ते बघ आणि मगच स्क्रूला हात लाव. आदल्या रविवारी तर हातवारे करून दाखवलंही होतं. बरोबर लागला असेल तर शेपूट खाली टेकवल्यावर झोत गोठ्याच्या भिंतीवर दिसणारच नाही, पत्र्यावरून आभाळात निघून जाईल. तीच त्याची परीक्षा. मी हो हो म्हणालो.

त्या रविवारी संध्याकाळी यावलकडे एका मित्राच्या मळ्यात भरीत होतं. वर्षातलं पहिलं. दुपारची गाडी पकडली तरच वेळेत पोचणार. शेडमध्ये मी एकटा. शेपूट उचलायला दोन माणसं लागतात, गावातून कुणाला तरी बोलवायचं, ड्रम आणायचा, पट्टी लावायची. मी घड्याळ बघितलं. समोर गोठ्याची चुना दिलेली भिंत, बरोबर पंचवीस फुटांवर. हात आपोआप खिशातल्या खडूकडे गेला. खूण काढली, दिवा लावला, स्क्रू फिरवले, झोत खुणेच्या चार बोटं खाली आणला. इतका सुरेख बसला की मी मागं सरून बघत राहिलो. मनात म्हटलं, तीस वर्षं फोकस लावतोय, दिवसा उडणाऱ्या विमानाचं ते काय कौतुक. पिशवी भरली आणि निघालो.

मळ्यात पंगत बसली होती. भरीत, वर कच्चा कांदा, मिरचीचा ठेचा. तेवढ्यात नानांचा फोन आला. शेपूट उचलून लावला ना? माझ्या तोंडात घास होता. तोंडात घास असताना माणूस मोठं उत्तर देत नाही. मी म्हणालो, "हो नाना, झालं." तो घास अजून माझ्या घशात आहे.

जानेवारीत एका सकाळी विमान उडालं. आदल्या दिवशी नाना मला म्हणाले होते की पट्टीपाशी कुणी उभं राहायचं नाही, तू घराच्या गच्चीवर थांब, तिच्याजवळ. कुठं बघायचं ते सांग. बेत असा होता की उठल्यावर लांब पश्चिमेला जायचं, वळायचं आणि तिथून सरळ घराच्या दिशेनं यायचं. घरावरून जायला परवानगी नव्हती, म्हणून ओढ्यापाशी वळून पट्टीवर उतरायचं. ऊन अक्कांच्या पाठीशी राहील आणि दिवा समोरून डोळ्यात येईल. सगळा हिशेब नानांनी अक्कांच्या डोळ्यांसाठी बसवला होता.

अक्का नवं लुगडं नेसून खुर्चीत बसल्या होत्या. गार वारा होता. आवाज आला, लांब गेला, मग परत मोठा होऊ लागला. मी त्यांचे खांदे धरून तोंड पश्चिमेला केलं. विमान मला दिसलं, आधी माशीएवढं, मग घारीएवढं. पंख दिसले, चाकं दिसली. दिवा दिसला नाही. मी डोळे चोळले. ते जवळ येतच होतं आणि त्याच्या पंखात नुसता काळा ठिपका होता. तेव्हा मला शेपूट आठवली. विमान आभाळात सरळ झालं होतं आणि माझा झोत खाली, कपाशीत पडत होता.

"लागना का दिवा?" अक्कांनी विचारलं, लागला का म्हणून.

मी काय बोलायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. अक्का, माझं चुकलं, तुम्हाला दिसणार नाही, परत एकदा करू. त्या वेळी मी म्हणालो, "लागना, अक्का." वर त्यांचा हात धरून बोट त्या दिशेला करून दिलं. त्या बोटाच्या पुढं बघत राहिल्या, डोळे न मिटता, पाणी येईपर्यंत. विमान ओढ्यापाशी कललं, वळलं आणि आवाज पट्टीकडे उतरत गेला. अक्कांनी हात सावकाश मांडीवर ठेवला.

जरा वेळानं नाना जिना चढून आले, पासष्टीचा माणूस, दोन दोन पायऱ्या घेत. दिसलं? एवढंच विचारलं. निकाल बघायला आलेल्या पोराचा आवाज असतो तसा आवाज. अक्का त्यांच्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, "दिखना. चांदनीसारखा दिखना."

नाना तिथंच गच्चीच्या जमिनीवर बसले आणि रडले. मी कठड्याकडे तोंड करून उभा राहिलो.

दुपारी कापूस वेचणाऱ्या बाया ओढ्याकडच्या वावरातून गाठोडी घेऊन आल्या. नाना पट्टीवर गेलेले. अक्का पडवीत लसूण सोलत होत्या, मी शेजारी. एक बाई हसत हसत सांगायला लागली की भाऊ, तुमच्या विमानाच्या दिव्यानं आमचे डोळे दिपले, सरळ आमच्या अंगावरच उजेड. दुसरी म्हणाली, हो ना, मी तर बोंडातच डोकं घातलं. सगळ्या हसल्या, गाठोडी टाकून पाणी पिऊन गेल्या. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. अक्कांचे हात थांबले होते. बायांचे आवाज फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, त्यासले सांगू नको." त्यासले म्हणजे नानांना.

मी म्हणालो, अक्का, पुढच्या रविवारी शेपूट उचलून लावतो, पाच मिनिटांचं काम आहे, पुन्हा उडवू. त्या बरं म्हणाल्या आणि लसूण सोलायला लागल्या.

पुढचा रविवार आलाच नाही. त्याच आठवड्यात नानांची नेहमीची तपासणी होती. छातीचं दुखणं निघालं. उडवणं बंद, कायमचं. दुसऱ्या कुणाच्या हाती विमान द्यायला ते तयार नव्हते आणि अक्काही नव्हत्या. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी आली, मुलींनी झोके बांधले, आणि तोवर अक्कांना ऊन कुठं आणि सावली कुठं तेही कळेनासं झालं होतं. हे मला फोनवरच कळलं. मी गेलो नाही. दर हिवाळ्यात नाना फोन करायचे, भरीत करतोय, ये. मी दर वेळी एखादी गाडी अडलेली आहे म्हणून सांगायचो. जळगावात एवढ्या गाड्या चार वर्षांत बिघडल्या नसतील.

ट्रॅक्टरचा फोकस चुकला तर ट्रॅक्टर परत येतो. ड्रायव्हर दोन शिव्या देतो, मी दोन स्क्रू फिरवतो, विषय संपला. मला वाटायचं सगळं असंच असतं, चुकलं तर परत आणतील. आणि गच्चीवर मी खोटं बोललो ते त्यांना बरं वाटावं म्हणून, असंही मी काही दिवस स्वतःला सांगून बघितलं. ते खरं नाही. मी माझी अब्रू वाचवत होतो. अक्कांनी खोटं बोलून नानांना वाचवलं आणि मी खोटं बोलून स्वतःला. दोन्ही खोट्यांत फरक आहे. मी विसरायचं म्हटलं तरी भरताचा वास दर थंडीत आठवण करून देतो.

तर आज रविवार. काल रात्रीच नानांना फोन करून येतो म्हणून कळवलं होतं. गेलो. तीच पॅसेंजर, तीच कपाशी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि पट्टी. ठरवलं होतं की विमान उडो न उडो, शेपूट उचलायची आणि फोकस नीट लावायचा. निदान ते तरी. स्टेशनवर नाना मोटारसायकल घेऊन थांबलेले. वाळले आहेत. चार वर्षं का आला नाहीस हे विचारलं नाही, नुसतं म्हणाले, वांगी चांगली मिळाली. अक्कांनी माझ्या हाताला हात लावून बघितला आणि म्हणाल्या की भाऊ बारीक झाला. भरीत झालं, जेवण झालं, कपाशीच्या गप्पा झाल्या. दिव्याचं कुणी काढलं नाही.

दिवेलागणीची वेळ झाली तशी नाना उठले, म्हणाले, चल, आमचा नेम असतो. अक्कांना हाताला धरून शेडच्या दाराशी आणलं, खाटेवर बसवलं. घरात सांजवात लावून झाली की ते रोज विमानाचा दिवाही लावतात, दोन मिनिटं. आत जाऊन त्यांनी बटण दाबलं.

झोत समोर गोठ्याच्या भिंतीवर पडला. भिंतीला मधे नवा चुना दिलेला दिसत होता, पण माझी खडूची खूण तेवढी सोडून. झोत त्या खुणेच्या चार बोटं खाली, तसाच, सुरेख.

मी भिंतीकडे बघितलं आणि मग नानांकडे. शेपूट खाली असताना हा झोत पत्र्यावरून आभाळात जायला हवा, हे मला याच माणसानं हातवारे करून शिकवलं होतं. आणि हाच माणूस चार वर्षं रोज संध्याकाळी तो भिंतीवर पडलेला बघत होता. ज्याला विमानाचा एकेक खिळा ठाऊक, त्याला हे पहिल्याच संध्याकाळी कळलं असणार. अक्कांना काय दिसलं असेल आणि काय नाही, तेही कळलं असणार.

माझा हात पिशवीतल्या स्क्रूड्रायव्हरवर होता. म्हणालो, नाना, त्या दिवशी मी शेपूट...

"त्याला हात लावू नको, सुरेश," नाना म्हणाले. "तिला दिसला तो असाच होता."

मी हात पिशवीतून काढला. नाना माझ्याकडे बघत नव्हते, खाटेकडे बघत होते. अक्कांनी मान वर केली होती, भिंतीच्या दिशेला नाही, आमच्या आवाजाच्या दिशेला.

"लागना का दिवा?" त्यांनी विचारलं.

नानांनी ते उत्तर माझ्यासाठी ठेवलं.

"लागना, अक्का," मी म्हणालो. या वेळी तरी ते खरं होतं.